पंपवाल्यांचे एक्क्याण्णव गुण

पंपवाल्यांच्या घरी गेलात तर दारासमोरच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र दिसेल. वर विद्यापीठाचा शिक्का, मधे परदेशी भाषेतला मजकूर, खाली परदेशी सही आणि ठळक आकड्यात गुण: एक्क्याण्णव. कुणी पाहुणा मान वर करून ते वाचायला लागला की पंपवाले लगेच सांगतात, "ते होय? मला काही म्हणजे काही येत नव्हतं, त्याचा पुरावा आहे तो. जपून ठेवलाय."

पाहुण्याला वाटतं, काय हा विनय! पण पंपवाले अगदी खरं बोलत असतात.

शहराच्या पंपहाऊसवर त्यांची एकतीस वर्षं नोकरी. मोटरच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगणार. अख्खी आळी त्यांना पंपवाले म्हणायची. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं, बायकोच्या तोंडीही ते कधी नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलता मुलगा परदेशी शिकायला गेला, तिथंच त्यानं लग्न केलं, आणि एके दिवशी त्याचा फोन आला, "बाबा, आम्ही दोघं सहा-सात महिन्यांत कायमचे घरी येतोय."

आनंद झाला, पण त्याला एक शेपूट होतं. मुलाला नोकरी मिळाली ती पुलाच्या कामावर, चार तासांच्या अंतरावर. सोमवारी पहाटे जायचं ते शनिवारी परतायचं. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस घरात माणसं दोन, सासरा आणि सून. सुनेला मराठी येत नव्हतं आणि सासऱ्याला मराठीखेरीज काही येत नव्हतं.

"पोरगी इथं मुक्यासारखी बसून राहिली तर टिकेल का रे?" त्यांनी चावीवाल्याला विचारलं. रस्त्यारस्त्यांवरचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा हा त्यांचा तीस वर्षांचा दोस्त.

"तू शीक की तिची भाषा."

"सत्तावन्नाव्या वर्षी?"

"एकतीस वर्षं पंपाशी बोलतोयस, त्यानं कधी उत्तर दिलं? ही निदान उत्तर तरी देईल."

म्हणून पंपवाले सकाळची पाळी संपवून, तोंडबिंड धुऊन, सुनेची भाषा शिकवता का हे विचारायला विद्यापीठात गेले. खिडकीतल्या कारकूनबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"भाषेचा वर्ग नाही भरत इथं. तिकडचे प्राध्यापक येतात आणि आपापला विषय त्यांच्या भाषेत शिकवतात. कुणालाही बसता येतं. विषयाच्या मागोमाग भाषा येते."

"आणि नाही आली तर?"

"तर विषय तरी येतो."

दुपारी चारला तीन विषय होते: प्राचीन नाणी, शिशुसंगोपन आणि पाणीपुरवठा. पंपवाल्यांना हसू आवरेना. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते हेच. त्यांनी पाणीपुरवठ्यावर बोट ठेवलं.

"आधीच येत असलेला विषय घेऊ नका असं आम्ही सांगतो," कारकूनबाई म्हणाल्या.

पंपवाल्यांना वाटलं, बाईंच्या डोळ्यांत आपली हुशारी खुपली. त्यांनी फॉर्म भरला.

वर्गात पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी फळ्यावर एक टाकी काढली, खाली पंप काढला, मधून पाइप नेला आणि पंधरा मिनिटं काहीतरी बोलले. मग त्यांनी वर्गाकडे वळून प्रश्न विचारला. कॉलेजची पोरं वहीत तोंड खुपसून बसली. पंपवाल्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण पाइपला जिथं उंचवटा काढला होता तिथं हवा अडकणार हे शेंबडं पोरही सांगेल. ते उठले, खडू घेतला, उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व्ह काढला आणि जागेवर जाऊन बसले. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

तिथून त्यांची गाडी जी सुटली ती सुटलीच. आकृती दिसली की प्रश्न कळायचा, आणि प्रश्न कळला की उत्तर काढून दाखवायचं. आकडे तर सगळीकडे सारखेच. शेजारची पोरं बिचारी प्रत्येक शब्दाला अडत होती, एकमेकांना विचारत होती, चुकत होती, ओशाळत होती आणि शिकत होती. पंपवाले मागे रेलून त्यांची कीव करत बसले. सहा महिन्यांत त्यांच्या पदरात पडले जेमतेम चाळीस शब्द, पंप, टाकी, दाब, गळती, असे, आणि एक अख्खं वाक्य, "पाण्याचा दाब चांगला आहे." परीक्षेत आठपैकी सात प्रश्न आकृत्यांचे आले. एक्क्याण्णव गुण.

चावीवाल्यानं प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलं, स्वतः खिळा ठोकला. फोनवर ही बातमी ऐकताच मुलानं शेजारी बसलेल्या बायकोला सांगितलं की बाबांनी तुझ्या भाषेत विद्यापीठाची परीक्षा दिली, वर्गात पहिले आले. पंपवाल्यांनी त्याला तिथंच थांबवायला हवं होतं. पण माणसाला आयुष्यात एकदाच पहिला नंबर मिळाला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते.

सून आली. दारातच तिनं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि तिच्या भाषेत मिनिटभर भरभरून बोलली. डोळ्यांत पाणी होतं. मुलगा कौतुकानं बापाकडे बघत होता. आता काहीतरी बोलणं भाग होतं. पंपवाल्यांनी घसा खाकरला आणि तिच्या भाषेत खणखणीत आवाजात सांगितलं, "पाण्याचा दाब चांगला आहे."

मग ती खो खो हसली. तिला वाटलं सासऱ्यानं विनोद केला. आत जाऊन तिनं नळ सोडला, धार बघितली आणि म्हणाली, "चांगला आहे!" पंपवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मात्र त्या दिवसापासून घरात एक माणूस असा होता की ज्याला सगळं समजतं असं सगळे धरून चालले होते, आणि त्या माणसाला काहीएक समजत नव्हतं.

दुपारी अडीचला पंपवाले कामावरून आले की चहा करायचे. मग ती मटार सोलायला नाहीतर भाजी निवडायला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि बोलायची. तास तास बोलायची. तिला मराठीत बाबा, चहा, हो, नको आणि बास एवढे पाच शब्द येत होते, ते ती आठवडाभर वापरून कंटाळलेली असे. पंपवाल्यांनी मान हलवण्याचं एक शास्त्र तयार केलं. आवाज खाली उतरला की सावकाश मान. आवाज वर चढला की भुवया. ती थांबली की "अं". हे ते चावीवाल्याला करून दाखवायचे तेव्हा तो पोट धरून हसायचा.

"अरे, तिनं कधी विचारलं की मी विहिरीत उडी मारू का, तर?"

"तर सावकाश मान," पंपवाले म्हणायचे आणि स्वतःही हसायचे. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

महिन्याभरानं ते घडलंच. त्या दुपारी तिच्या हातात मटार नव्हते. ती हळू आवाजात चारपाच वाक्यं बोलली आणि थांबली. आवाज खाली उतरला होता, म्हणून पंपवाल्यांनी सावकाश मान हलवली. ती थांबलीय म्हणून वर छानसं हसले आणि बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. मग त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि मग रडता रडताच तिला हसू फुटलं. तिनं एक बिस्किट उचललं आणि खाल्लं.

ती काय म्हणाली होती? विचारायचं कुणाला? मुलाला विचारलं तर बिंग फुटणार. दोन दिवस पंपवाल्यांना पंपाचा आवाजही नीट ऐकू आला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची हौस, दुसरं काय! पोर रडत काहीतरी सांगते आणि आपण तिला बिस्किट देतो. त्याच शनिवारी मुलानं बातमी दिली की ती आई होणार आहे. सोमवारी पंपवाले कारकूनबाईंच्या खिडकीशी उभे होते.

"बाई, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही असा विषय द्या."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, आणि शिशुसंगोपनाचा फॉर्म पुढे सरकवला.

घरी त्यांनी जादा पाळी असल्याचं सांगितलं. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या बावीस मुली होत्या आणि हे एक पुरुष. पहिल्या दिवशीच मुली त्यांना आजोबा म्हणू लागल्या. शिकवायला एक उंच, करड्या केसांच्या परदेशी मेट्रनबाई होत्या. त्यांचा नियम एकच होता: हातानं जे करायचं ते त्याच वेळी तोंडानं मोठ्यांदा सांगायचं. रबराची बाहुली उचलायची आणि म्हणायचं, मी बाळाला उचलते आहे. मानेखाली हात घालायचा आणि म्हणायचं, मी डोक्याला आधार दिला आहे. इथं फळ्यावर आकृती नव्हती, आकडे नव्हते, एकतीस वर्षांचा अनुभव नव्हता. घरचं पोर वाढलं ते बायकोच्या हातावर. पंपवाल्यांनी तेव्हा फक्त पाणी आहे ना एवढं बघितलं होतं.

त्यांनी बाहुली पहिल्यांदा उचलली ती लोखंडी पाना धरावा तशी. टबातल्या आंघोळीच्या वेळी ती सुळकन हातातून निसटली आणि तळाला गेली. मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या, "बाळ बुडालं," आणि वहीत लिहिलं. बुडणे हे क्रियापद पंपवाले जन्मात विसरणार नव्हते. मग विचारणं आलं. कुठला हात? किती गरम? आता का रडतंय? पुन्हा सांगा. हळू सांगा. एकोणीस वर्षांच्या पोरी त्यांचे उच्चार सुधारायच्या आणि खिदळायच्या, आणि ते त्या खिदळण्यात सामील व्हायचे, कारण दुसरा इलाजच नव्हता. मेट्रनबाई एक वाक्य तर रोज शंभर वेळा म्हणून घ्यायच्या. बाळंतिणीच्या हातातून बाळ घेताना तिला काय सांगायचं? "मी धरलं आहे. तुम्ही घाबरू नका." पंपवाले हे वाक्य पंपहाऊसवर मोटरीसमोर उभं राहून घोकायचे.

परीक्षेत त्यांना छत्तीस गुण मिळाले. पास व्हायला चाळीस लागत होते. टबात पुन्हा बाळ बुडालं होतं.

पण एव्हाना भाषा आली होती. कधी आली ते त्यांना कळलंही नाही. रस्त्यावरून जाताना ते मनातल्या मनात तिच्या भाषेत बोलत. त्यांनी एक भाषणही तयार केलं: सूनबाई, आजवर मी तुला फसवलं, मला काही कळत नव्हतं, आता सगळं कळतं, मला माफ कर. चावीवाल्यापुढे रंगीत तालीम झाली. त्याला एक शब्द कळला नाही, त्यानं सावकाश मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा झाला. तिला सातवा महिना लागला होता. पंपवाल्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात तीच बोलली, मटारची शेंग उघडत, सहज.

"बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही हे किती बरं आहे."

पंपवाल्यांचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं.

"माझी आजी गेली ते मी सांगितलं, तेव्हा तुम्ही हसून मला बिस्किट दिलंत. तेव्हाच कळलं मला. आधी राग आला. मग वाटलं, बरंच आहे की. नवऱ्याला सांगितलं तर तो काम सोडून धावत येईल. आईला सांगितलं तर म्हणेल, परत ये. तुम्हाला काहीही सांगता येतं. तुम्ही चहा देता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पंपवाल्यांना झालं. आजी गेली होती! आणि आपण बिस्किटं सरकवली! पण ती पुढे बोलत होती. तिला बाळंतपणाची भीती वाटत होती. त्याहून एक मोठी भीती होती. "हे बाळ इथं वाढेल, सगळ्यांशी तुमच्या भाषेत बोलेल. नवरा आठवडाभर पुलावर, घरी आला की तोही तुमच्याच भाषेत; माझ्या भाषेत त्याच्याशी बोलणारी मी एकटी. एका माणसाची कुठे भाषा असते? ते मला उत्तर तुमच्या भाषेत देईल, आणि मी माझ्याच लेकराच्या घरात पाहुणी होईन."

पाठ केलेलं भाषण पंपवाल्यांच्या घशाशी येऊन अडकलं, पाइपाच्या उंचवट्यावर हवा अडकते तसं. बोलावं, तर तिची भीती अर्धी कमी होईल. घरात रोज तिच्या भाषेत बोलणारा दुसरा माणूस आहे हे तिला कळेल. पण बोलावं, तर ज्या एका माणसापाशी ती मन मोकळं करते तो माणूसच नाहीसा होईल. शेवटी त्यांनी सावकाश मान हलवली.

काय दैव असतं बघा. काही कळत नव्हतं तेव्हा कळल्याचं सोंग केलं, त्यात पहिला नंबर आला. आता कळायला लागलं तर न कळल्याचं सोंग करायची पाळी, आणि हा विषय भलताच अवघड. ती तिच्या आजीच्या गमतीच्या गोष्टी सांगायची तेव्हा हसू दाबताना त्यांना ठसका लागायचा. ती मुलाच्या घोरण्याची नक्कल करायची तेव्हा त्यांना खिडकीबाहेर बघावं लागायचं. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फार चांगले आहात, पण तुमचा चहा म्हणजे साखरेचा पाक असतो. रोज डोळे मिटून पिते मी."

हे मात्र पंपवाल्यांच्या फार जिव्हारी लागलं. पण लगेच साखर कमी केली तर पकडले जाणार! म्हणून त्यांनी हिशेबी डोकं चालवलं. दर दोन दिवसांनी पाव चमचा कमी. व्हॉल्व्ह हळूहळू फिरवावा तसं, म्हणजे पाइपला धक्का बसत नाही. आपण फार चलाख आहोत असं त्यांना पुन्हा एकदा वाटलं. मागे असं वाटलं होतं तेव्हा एक्क्याण्णव गुण मिळाले होते.

तीन आठवड्यांनी एका दुपारी तिनं चहाचा घोट घेतला, थांबली, कपात बघितलं. मग पंपवाल्यांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. शेंगा सोलू लागली. आणि मग मान वरही न करता, अगदी नेहमीच्या आवाजात तिच्या भाषेत म्हणाली, "गच्चीवरची टाकी भरून वाहतेय. पंप चालूच राहिलाय."

एकतीस वर्षं! माणूस झोपेत असता तरी उठला असता. पंपवाले खुर्ची पाडून पळाले. दोन मजले, बेचाळीस पायऱ्या, गच्ची. टाकीचं झाकण उचललं. पाणी अर्ध्यावर होतं, शांत. मोटर बंद होती. वाहण्याचं नाव नव्हतं.

पाण्यात त्यांचंच तोंड दिसत होतं. टाकी, पंप, वाहणे: त्या एक्क्याण्णव गुणांतले शब्द शेवटी उपयोगाला आले ते असे. सगळा चाळीस शब्दांचा संसार, आणि त्याच जाळ्यात मासा सापडला. पंपवाल्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. आता ती गप्प होणार. उद्यापासून दुपारी टेबलाशी नुसता चहा. त्यांनी झाकण नीट लावलं आणि एकेक पायरी उतरत खाली आले.

ती तिथंच बसली होती. पडलेली खुर्ची तिनं उभी करून ठेवली होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

पंपवाल्यांनी पहिल्यांदा तिच्या भाषेत खरं उत्तर दिलं. "साखरेच्या आधीपासून."

ती मनाशी मागे मागे जात राहिली. साखरेच्या आधी आपण काय काय बोललो ते आठवत गेली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले. पंपवाल्यांना ते पाठ केलेलं भाषण आठवेना. त्यातला एक शब्दही आठवेना. बिस्किटांची बशी समोर होती, पण त्या बशीला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. तोंडात आलं ते फक्त मोटरीसमोर घोकलेलं वाक्य, जसंच्या तसं, आदरार्थी:

"मी धरलं आहे. तुम्ही घाबरू नका."

तिनं हात खाली घेतले. हे वाक्य कुठं शिकवतात हे तिला ठाऊक असणारच. तिकडे बाळंतिणींना सगळ्या नर्सा हेच सांगतात.

"तुम्ही... ती जादा पाळी?"

"छत्तीस गुण," पंपवाले म्हणाले. "नापास."

मग पोटावर हात ठेवून तिनं विचारलं, "बाळाशी बोलाल? माझ्या भाषेत?"

"बोलेन. रोज बोलेन. उचलून घेईन, डोक्याला आधार देईन." पंपवाल्यांनी नीट विचार करून पुढचं सांगितलं, कारण आता खोटं बोलायचं नव्हतं. "फक्त आंघोळ नको. आंघोळीत माझ्याकडून बुडतं."

ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग तिनं मटारची परडी जवळ ओढली. एक शेंग उघडली, दाणे काढले. दुसरी उघडली. पंपवाले समोर बसून वाट बघत राहिले, जीव मुठीत धरून.

"तर काल मी काय सांगत होते," ती म्हणाली, आणि आजीची गोष्ट जिथं सोडली होती तिथून तिनं पुढे सांगायला घेतली.

पंपवाल्यांनी सावकाश मान हलवली, मुद्दाम, अगदी चुकीच्या जागी.